चार बोटं पाणी

‘मागणी तांत्रिकदृष्ट्या निराधार. दप्तरी दाखल.’

हे पाच शब्द मी २०१६ च्या मे महिन्यात एका निवेदनाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहिले आणि खाली सही केली. त्या शब्दांबद्दलच आज लिहायचं आहे. ते लिहिणारा माणूस पुढच्या सहा वर्षांत हळूहळू कसा बदलला, कुणाच्या बोलण्याने बदलला, हे सांगितल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

मी स्थापत्य अभियंता. १९८४ साली सरकारी नोकरीला लागलो, २०१८ साली निवृत्त झालो. चौतीस वर्षांतली बरीचशी कोकणात गेली, बांध, मोऱ्या आणि उघाड्या बांधण्यात. निवेदन आलं होतं ते खारेपाटातून. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला, धरमतरच्या खाडीला लागून असलेला हा सखल मुलूख. इथलं भात उभं असतं ते बांधाच्या भरवशावर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी शेताच्या पातळीच्या वर चढतं. मातीचा बांध ते अडवतो. बांधातली उघाडी भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडून आत साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडते. बांधाला खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरतं आणि ते मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात.

निवेदन घेऊन आठ-दहा माणसं आली होती. बोलली ती एक साठीची बाई. ‘सायेब, उघाडीवर पानी चार बोटां वर आलंय. खोटा नाय सांगत. बांध उंच करा, नायतर एका उधाणाला जाईल.’ निवेदनात एक वाक्य असंही होतं की, जगभर समुद्र वाढतो आहे असं आम्ही वाचतो, त्याचा विचार व्हावा. गावातल्या कुणा कॉलेजच्या पोराने ते घातलं असणार. ते वाक्य वाचलं आणि माझं मन तिथेच मिटलं. मला वाटलं, आता गावकऱ्यांनाही ही हवामानबदलाची भाषा कुणीतरी शिकवली. मी म्हणालो, ‘मावशी, समुद्र बोटांनी मोजत नाहीत.’ ती काही बोलली नाही. नमस्कार करून मंडळी गेली आणि मी शेरा मारला.

तेव्हा मी काय मानत होतो, तेही प्रामाणिकपणे सांगतो. पर्यावरणाच्या चळवळीतल्या लोकांबद्दल मला राग नव्हता, पण आदरही नव्हता. माझ्या मते ती दोन प्रकारची माणसं होती. एक, शहरातली, इंग्रजीत बोलणारी, फलक धरून उभी राहणारी. दुसरी, गावातली, नुकसानभरपाईसाठी येणारी, आणि कारण म्हणून जे हाताला लागेल ते पुढे करणारी. दोघांकडेही माप नाही, माप आमच्याकडे आहे, असं मी समजत होतो. सरकारी पैसा आठवणींवर खर्च होऊ नये, मोजमापावर व्हावा, ही माझी निष्ठा होती. ती आजही आहे. चूक निष्ठेत नव्हती. माप कुणाकडे आहे, हे ओळखण्यात मी चुकलो.

आमचं सगळं शास्त्र एका गृहीतकावर उभं होतं: जसं गेलं तसंच येईल. गेल्या पन्नास-शंभर वर्षांचा पाऊस पाहायचा, त्यावरून मोरीचं तोंड ठरवायचं. भरतीची कमाल पातळी नकाशावरून घ्यायची, तीवर फ्रीबोर्ड, म्हणजे सुरक्षेसाठीची जादा उंची, धरायचा आणि बांधाचा माथा ठरवायचा. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नव्हता. आम्ही अभियंते एकमेकांना म्हणालो, हा अपवाद. पुढे असे अपवाद येत राहिले. त्यांची यादी लांबत गेली, पण नियम तपासून पाहावा असं मला वाटलं नाही. ज्या बांधाबद्दल निवेदन होतं त्याच्या आराखड्यातली भरतीची पातळी प्रत्यक्ष कधी मोजली होती, हे मी चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

२०१९ च्या नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणाला त्या बांधाला खांड गेली. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. जुन्या सहकाऱ्याने फोनवर सहज सांगितलं. मी रात्रभर जागा होतो आणि दोन दिवसांनी गाडी काढून तिथे गेलो.

पोटरीत आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. ती बाई बांधावर भेटली. तिने मला ओळखलं. दोषाचा एक शब्दही काढला नाही, तेच मला जड गेलं. ‘या सायेब, दाखवते,’ म्हणाली आणि मला उघाडीपाशी घेऊन गेली. उघाडीच्या दगडी भिंतीवर छिन्नीने मारलेली एक आडवी रेघ होती. १९९१ साली उघाडी नव्याने बांधली तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जिथवर आलं तिथे ती मारली होती. ते दर वर्षी त्याच तिथीला येऊन पाहत. ते गेल्यावर ही येऊ लागली. रेघेच्या वर गेरूच्या पुसट खुणा होत्या, एकीवर एक. चार बोटं तिने मनाने सांगितली नव्हती. हात भिंतीला लावून मोजली होती.

‘कशावरून म्हणता?’ एवढा एक प्रश्न मी २०१६ साली विचारला असता, तर तिने मला त्याच आठवड्यात या भिंतीपाशी आणलं असतं. मी तो विचारला नाही, कारण तिच्याकडे उत्तर असेल अशी शक्यताच माझ्या मनात नव्हती.

तेव्हापासून मी मुद्दाम लोकांकडे जाऊन बसू लागलो. मागणी करणाऱ्यांकडे, ज्यांना मी आजवर टेबलाच्या पलीकडे बसवलं होतं.

पहिलं बोलणं घरातच झालं. माझी पुतणी मुंबईत वकिलीचं शिकत होती. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा ती तिथे होती. दोन-तीन रात्रींत दोन हजारांवर झाडं पडली, एकोणतीस जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन पुढची तोड थांबवली, तोवर बहुतेक झाडं गेली होती. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी तिला म्हणालो, ‘अगं, मेट्रोने लाखो लोकांच्या गाड्या रस्त्यावरून कमी होतील. हवामानासाठी लढता आणि मेट्रो अडवता?’

ती चिडली नाही. म्हणाली, ‘काका, मेट्रो नको असं आम्ही कधी म्हटलं? कारशेड तिथे नको, एवढंच म्हटलं.’ मग तिने एक जाडजूड फाइल उघडली. झाडांच्या याद्या, क्रमांकानिशी. हरकती नोंदवल्याच्या पोचपावत्या. पर्यायी जागांबद्दलचे अहवाल, माहिती अधिकारात मिळवलेले. फलक धरलेला फोटो वर्तमानपत्रात आला होता, पण त्यामागे या पोरांनी महिनोन्महिने कागद वाचले होते. माझ्या हाताखालच्या किती कनिष्ठ अभियंत्यांनी एखादी फाइल इतक्या बारकाईने वाचली असेल, असा विचार मनात आला. त्या कारशेडबद्दल माझं आणि तिचं आजही पूर्ण जमत नाही. शहराला मेट्रो लवकर हवी होती, असं मला अजून वाटतं. पण ही मुलं न मोजता बोलतात, असं मी त्या दिवाळीनंतर पुन्हा म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाहतूक सुरू झाल्यावर मी श्रीवर्धनला एका ओळखीच्या बागायतदाराकडे गेलो. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिथल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली झाडं काही तासांत आडवी झाली होती. सुपारीचं झाड हाताशी यायला सात-आठ वर्षं लागतात. हा साधा माणूस, आयुष्यात कधी मोर्चात गेला नव्हता. तो म्हणाला, ‘अहो, मदत हेक्टरी देतात. आमची वाडी किती? दहा गुंठे, वीस गुंठे. त्यात नारळ, सुपारी, मिरीचे वेल, जायफळ, सगळं एकमेकांच्या सावलीत. हेक्टरचा हिशेब लावला तर हातात काय येणार?’ मग त्याने आणि शेजाऱ्यांनी वहीत लिहायला घेतलं. कुणाच्या वाडीत किती माड पडले, किती सुपाऱ्या, किती वर्षांच्या. किनाऱ्यावरच्या गावागावांतून हीच मागणी उठली: मदत झाडागणिक द्या. पुढे सरकारने माड आणि सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय घेतला. रक्कम पुरेशी होती असं कुणी म्हणणार नाही, पण हिशेबाची पद्धत बदलली. ती बदलली कारण पडलेली झाडं कुणीतरी मोजून ठेवली होती.

एव्हाना मला एक गोष्ट दिसू लागली होती. आंदोलन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे घोषणा यायच्या. मला भेटलेली माणसं मात्र त्याआधी कितीतरी काळ नोंद ठेवत बसलेली होती. घोषणा झाली ती नोंद कुणी वाचली नाही म्हणून. चार बोटांच्या रेघेसारख्या नोंदी वाचल्या गेल्या असत्या, तर मोर्चे कशाला निघाले असते?

मग मी पुण्याला एका ज्येष्ठ हवामानशास्त्रज्ञांकडे गेलो. मनात खोल कुठेतरी आशा होती की ते म्हणतील, त्या बाईचं माप योगायोग आहे. त्यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेला भारताच्या हवामानाचा शासकीय आढावा पुढे ठेवला. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला. त्यात लिहिलं होतं: उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. मी खिशातलं पेन काढलं. १९९१ ते २०१६, पंचवीस वर्षं. पंचवीस गुणिले ३.३ म्हणजे साडेब्याऐंशी मिलिमीटर. साधारण आठ सेंटीमीटर. मी माझी चार बोटं टेबलावर आडवी ठेवली आणि पट्टीने मोजली. मला पुढे बोलता येईना.

पण ते शास्त्रज्ञ खरे शास्त्रज्ञ होते. त्यांनी मला तिथे थांबू दिलं नाही. म्हणाले, ‘हा पुरावा आहे असं समजू नका. तुमच्या खाडीत गाळ भरला असेल, खाडीचं तोंड अरुंद झालं असेल, त्या दिवशी वाऱ्याने पाणी आत ढकललं असेल. उघाडीचा पाया खचला असेल तर दगडासकट रेघच खाली गेली असेल. एका रेघेवरून समुद्राबद्दल बोलता येत नाही.’ मी विचारलं, ‘मग तिचं काय चुकलं?’ ते म्हणाले, ‘तिचं काहीच चुकलं नाही. पाणी बांधाच्या माथ्याजवळ आलंय, एवढंच ती सांगत होती, आणि तेवढं खरं होतं. का आलंय हे शोधणं तुमचं काम होतं.’

त्यांनी पावसाचंही सांगितलं. गुजरात, महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, असं संस्थेतल्या शास्त्रज्ञांना आढळलं होतं. हंगामाचा एकूण पाऊस मात्र तसा वाढलेला नाही. म्हणजे तेच पाणी थोड्या दिवसांत, एकदम येतं. तापलेल्या अरबी समुद्रावरून जास्त बाष्प येतं आणि ते एका झटक्यात रितं होतं. मला २२ जुलै २०२१ आठवला. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस, सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत, आणि त्याच संध्याकाळी तळिये गावावर कोसळलेली दरड. तिथे ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाडच्या रस्त्यांवरच्या काही मोऱ्यांच्या हिशेबावर तरुणपणी मीही सही केली होती. तो हिशेब १९५० च्या आकाशाचा होता.

निघताना मी त्यांना विचारलं की, तुम्ही लोकांच्या सभांना का जाता? तुमच्यासारख्यांनी प्रयोगशाळेत बसावं, असं मला पूर्वी वाटायचं. ते म्हणाले, ‘आमच्या प्रारूपात महाराष्ट्र म्हणजे काही चौकोन असतात. त्या चौकोनात कुठली उघाडी गळते, ते आम्हाला कोण सांगणार?’

यातलं सर्वांत अवघड बोलणं २०२२ साली गावातच झालं, देवळाच्या सभामंडपात. खांड गेल्यावर काम रखडलं होतं आणि बुडालेल्या शेतांत खारफुटी उगवली होती. राज्यात खारफुटी तोडायला बंदी आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती आणखी पक्की केली. पुतणीबरोबर तिचे दोन मित्र आले होते, खारफुटीसाठी काम करणारे. एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले, ‘तुमची झाडां आमच्या शेतात उगवली. आता ती तोडली तर आम्ही गुन्हेगार. आमचा भात गेला त्याचा गुन्हेगार कोन?’ पोरांना उत्तर देता येईना. पूर्वीचा मी असतो तर मनात म्हटलं असतं, पाहा, यांचं यांच्यातच जमत नाही. त्या दिवशी मी नुसता ऐकत बसलो. पोरांनी कबूल केलं की, या शेतांचा विचार आम्ही केला नव्हता. शेतकऱ्यांनी कबूल केलं की, जिथे बांधाबाहेर खारफुटी दाट आहे तिथे लाटांचा मार कमी बसतो आणि बांध टिकतो. शेवटी तीच बाई म्हणाली, ‘बाहेर झाडां राहू दे, आत भात राहू दे. मधला बांध नीट करा.’ माझ्या सगळ्या शिक्षणातून मला याहून चांगला आराखडा सुचला नसता.

हा मुलूख चळवळीला नवा नाही. १९३३ साली याच खारेपाटात, चरीच्या आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि सहा वर्षं ती पडीक ठेवली. त्या बाईच्या घरात त्या संपाच्या आठवणी अजून सांगतात. हिला निवेदन लिहायला बाहेरून कुणी शिकवलं असेल, असं मी समजलो होतो.

काही बाबतींत माझं मत बदललेलं नाही. प्रत्येक खांड हवामानबदलामुळे जाते, हे मी मान्य करत नाही. कितीतरी बांध वेळेवर माती न टाकल्याने, खेकड्यांची बिळं न बुजवल्याने गेले आहेत. सगळं हवामानावर ढकललं की माझ्यासारखा अधिकारी मोकळा सुटतो. पण उलटही तितकंच खरं आहे. समुद्र वर्षाला तीन मिलिमीटर चढत असेल, तर कालपर्यंत खपून गेलेली हयगय उद्या खपणार नाही. आणि हा समुद्र त्या बाईने तापवलेला नाही. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. तिच्या घरात एक दुचाकी, एक पंखा आणि दोन बल्ब. तिला ‘झाडं लावा, वीज वाचवा’ असं सांगायला मी पूर्वी शाळा-ग्रामपंचायतींच्या कार्यक्रमांत जात असे. आता जाणार नाही. तिचं देणं आधी फेडलं पाहिजे, उपदेश नंतर.

त्या सभेनंतर गावाने नवं निवेदन केलं. बांधाची उंची, बाहेरचा खारफुटीचा पट्टा आणि उघाडीवर भरती मोजायची पट्टी, अशा तीन मागण्या. पुतणीने माझ्या जुन्या शेऱ्याची प्रत माहिती अधिकारात काढली होती. हिरवी शाई झेरॉक्समध्ये काळी झाली होती, अक्षर माझंच. मी त्या निवेदनाला एक पत्र जोडलं: ‘१९९१ पासूनची खूण उघाडीवर होती. ती न पाहता, जागेवर न जाता आणि कोणतंही माप न घेता मी २०१६ साली या मागणीला निराधार म्हटलं. तो शेरा चुकीचा होता.’ खाली नाव, हुद्दा, निवृत्तीची तारीख आणि सही. चौतीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेल्या कागदांपैकी हा एक कागद कुणी जपून ठेवावा, असं मला वाटतं.

बांधाचं काम अजून अर्धंच झालं आहे. पट्टी मात्र लागली. गावाने वर्गणी काढली आणि मी ती उघाडीवर बसवून दिली. रेघ पुसायची नाही, असं बाईने बजावलं होतं. म्हणून पट्टीचा शून्य त्या रेघेवर धरला. गेल्या नारळी पौर्णिमेला आम्ही दोघं उघाडीवर उभे होतो. पाणी चढलं, थांबलं. आता माझी नजर धरत नाही. तिने वाकून आकडा वाचला, मी वहीत तारीख घातली आणि ती सांगेल तसा लिहून घेतला.